पंचनाम्यात मजूर कुठे आहे?

मे-जूनमध्ये वादळ आले, की रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात. केळीला लाकडी खोड नसतेच. पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून ती उभी असते, आणि त्यावर २०-२५ किलोंचा घड. वाऱ्यापुढे टिकणार किती? मग तलाठी येतो, सातबारा पाहतो, पंचनामा होतो. भरपाई बागायतदाराला, फळपीक विमाही त्यालाच. ती मिळालीच पाहिजे, आमची तक्रार नाही. (वेळेवर मिळत नाही, हेही खरे.)

पण याच बागेत कंद लावणारा, पिले कापणारा, खांद्यावर घड वाहणारा भूमिहीन मजूर? त्यात आमचे बौद्ध बांधव आहेत, आदिवासी आहेत. त्यांची बुडालेली कापणीची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही!

२०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. मजुराला काय मिळाले? १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली याच खानदेशात भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. जमीन आजही बहुतेकांना नाही. निदान पंचनाम्यात मजुरांची नावे व बुडालेले दिवस नोंदवा, अशी लेखी मागणी आमच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या वादळाआधीच तहसीलदारांकडे द्यावी, आणि पोचपावती घ्यायला विसरू नये.