टोस्टवरचा सूर्य आणि साच्याची करंजी

मागच्या महिन्यात आमच्या घरी ब्रेडवर चित्र उमटवणारा साचा आला. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा, एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला उठावाचा हसरा सूर्य. स्लाइसवर दाबायचा, मग ती स्लाइस टोस्टरमध्ये टाकायची. बाहेर येते तेव्हा ब्रेड तांबूस आणि सूर्य पांढरा! किंमत दीडशे रुपये. ऑनलाइन मागवला आणि मागवणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी या साच्याची बाजू घेणार आहे. नंतर कोणी म्हणायला नको की लपवलं.

घरी स्वागत यथातथाच झालं. आई म्हणाली, "आता पोळीवर पण नक्षी पाडा." वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणारा मित्र म्हणाला, "इंजिनियर झालास तो यासाठी?" ऑफिसच्या कॉलवर (२०२० पासून मी पुण्याच्या कंपनीचं काम सिडकोतल्या घरातूनच करतो) एका सहकाऱ्याने शेलक्या शब्दांत सांगितलं की यात 'आत्मा' नाही. हाताने केलेल्या गोष्टीत जो जिव्हाळा असतो तो साच्यात नसतो वगैरे. हा सहकारी स्वतः चहासुद्धा करत नाही. असो.

आता पार्श्वभूमी. लेक सिनियर केजीत आहे. तिच्या शाळेत डब्याला थीम असते. म्हणजे सोमवारी लाल पदार्थ, बुधवारी 'आकार', मग कधी प्राणी, कधी ग्रह-तारे. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज येतो आणि सकाळी आठला डबा भरलेला हवा. पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. मग लक्षात आलं की ग्रुपवर फोटो येतात. कुणाच्या काकडीची मगर, कुणाच्या इडलीचा उंट (खरंच, मी पाहिलाय). आणि डबा मुलांचा असला तरी परीक्षा आईची असते. आमच्याकडे बायकोची. तिची कंपनीची बस सात वाजून दहा मिनिटांनी चौकात येते. दीड वर्ष ती साडेपाचला उठून गाजराच्या चांदण्या कापत होती आणि मी त्या वेळी, खोटं कशाला बोला, झोपलेला होतो.

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "या वर्षी बुधवार तुझा." भांडण नाही, काही नाही. मी 'हो' म्हणालो आणि पहिल्याच बुधवारी घाबरून साचा शोधायला बसलो.

माणूस सॉफ्टवेअरवाला असला की आधी तयार वस्तू घेत नाही, घरी करायला बघतो. माझी मूळ योजना अशी की अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये चित्र कापायचं, स्लाइसला गुंडाळायचं आणि उड्या मारणाऱ्या टोस्टरमध्ये सोडायचं. झाकलेला भाग पांढरा, उघडा भाग तांबूस. मी मित्राला फोनवर ही आयडिया सांगितली तर तो ओरडलाच. टोस्टरच्या आत अभ्रकाच्या पातळ तावावर निकेल-क्रोमच्या उघड्या तारा गुंडाळलेल्या असतात आणि त्यांतून थेट २३० व्होल्ट जात असतात. त्यात फॉइल सोडणं म्हणजे शॉर्ट किंवा शॉक, दोन्हींपैकी काहीही. तुम्ही कोणी करणार असाल तर करू नका. कापलेलं फॉइल वापरायचंच तर ओटीजीमध्ये, ट्रेवर सपाट ठेवलेल्या ब्रेडवर, आणि तेही दांडीला न लागेल अशा बेताने. त्यातल्या दांड्यांवर निदान धातूचं कवच तरी असतं.

मग ओटीजीत दोन रविवार घालवले. (बायकोच्या मते एका बुधवारसाठी दोन रविवार हा हिशोबच चुकीचा आहे.) पण त्यातून शिकायला भरपूर मिळालं. ब्रेड तांबूस होणं म्हणजे जळणं नव्हे. पिठातली साखर आणि प्रथिनं साधारण १४० अंशांच्या वर एकमेकांशी खेळायला लागतात आणि तो रंग, तो वास तयार होतो. माइलार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, तिला त्याचंच नाव आहे. पण ब्रेड ओला आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपासच अडकून बसतो. आधी पाणी जायला हवं. त्यामुळे ताज्या, लुसलुशीत ब्रेडवर चित्र फिकट येतं आणि कालच्या ब्रेडवर झकास. मिल्क ब्रेडमध्ये साखर जास्त, तो पटकन रंग पकडतो. आणि फॉइल ब्रेडपासून जरा जरी उचललं गेलं तरी कडा फिसकटतात, कारण उष्णता एका बिंदूतून येत नाही, लांबलचक दांडीतून येते. ट्यूबलाइटखाली हाताची सावली जशी पसरट पडते, तसंच.

दाबायचा साचा वेगळ्याच तत्त्वावर चालतो. तिथे काहीच झाकलं जात नाही. दाबलेला भाग आत जातो, घट्ट होतो, तारेपासून दूर राहतो, त्याला सुकायला वेळ लागतो. आजूबाजूचा फुललेला ब्रेड तोवर तांबूस होऊन जातो. इतकी साधी युक्ती! दोन रविवार वाया घालवल्यावर दीडशे रुपयांच्या प्लास्टिकपुढे मी हात जोडले.

आमच्या जमातीचं आणि टोस्टरचं नातं तसं जुनं आहे. १९९० मध्ये इंटरॉप नावाच्या प्रदर्शनात जॉन रॉम्की याने चक्क इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर मांडला होता. पण ब्रेड आत टाकायला माणूसच लागायचा, म्हणून पुढच्या वर्षी त्यासाठी छोटी क्रेन जोडली. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुनेल विद्यापीठाच्या रॉबिन साउथगेट या विद्यार्थ्याने हवामानाचा अंदाज घेऊन ब्रेडवर सूर्य, ढग किंवा पाऊस उमटवणारा टोस्टर केला. मला तो फार आवडतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये रोज सूर्यच उमटला असता, ती गोष्ट वेगळी.

आता त्या 'आत्म्या'कडे येतो.

आमच्या घरी गॅसवर धरायचा सँडविचचा टोस्टर होता, तुमच्याकडेही असेलच. दोन पाळ्या, लांब दांडे, आत तिरप्या रेघेची नक्षी. प्रत्येक सँडविचवर तीच नक्षी, वर्षानुवर्षं. तिच्यात आत्मा नाही असं कधी कोणी म्हणालं नाही, कारण ती उपयोगाची होती. ती रेघ ब्रेड मधोमध दाबते, कडा चिकटतात, बटाट्याची भाजी बाहेर येत नाही. करंजीची मुरड तरी काय आहे? सारण तेलात सुटू नये म्हणून घातलेली शिवण. पण मुरड सुंदर दिसते, आणि सुंदर दिसते म्हणून तिची परीक्षा झाली. आजीची मुरड दोरीच्या पिळासारखी यायची, आणि एखाद्या सुनेची तशी आली नाही तर ते दिवाळीभर पुरायचं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लहानपणी दिवाळीच्या आधीच्या रात्री तिला मी बारा-बारा वाजेपर्यंत करंज्या करताना पाहिलंय. एका वर्षी तिने गुलमंडीवरून प्लास्टिकचा करंजीचा साचा आणला. पारी ठेवायची, सारण भरायचं, मिटायचं, कडा कापायच्या. शंभर करंज्या रात्री दहाच्या आत. फराळाला आलेल्या एक काकू डब्यात डोकावून म्हणाल्या, "साच्याच्या वाटतं?" त्यानंतरच्या दिवाळीपासून आई वीसेक करंज्या हाताने मुरडून करायची आणि त्या डब्यात वरच्या थरात रचायची. साच्याच्या खाली. पाहुण्यांना वरच्या, आम्हाला खालच्या. चव तीच. आम्हा भावंडांना ते दोन थर म्हणजे चोरून खायची सोय वाटायची. आज आठवलं की वाटतं, त्या वरच्या थरासाठी ती किती वेळ जागली असेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की नक्षीत आत्मा हाताने येतो असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कशाचं कौतुक करतो ते एकदा बघायला हवं. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी झोपेचं असतं. आणि ते करणारा स्वतः झोपलेला असतो (मी होतोच). आणि मेहनतीलाच एवढी किंमत असती, तर २००४ मध्ये ई-बेवर जे घडलं ते घडलं नसतं. फ्लोरिडातल्या एका बाईंनी दहा वर्षं जपून ठेवलेलं चीज सँडविच तेव्हा एका ऑनलाइन कॅसिनोने २८,००० डॉलरला घेतलं, कारण त्यावरच्या भाजल्याच्या डागांत लोकांना मेरीचा चेहरा दिसला. ते चित्र कोणीच काढलं नव्हतं. कष्ट शून्य. लोकांना टोस्टवर चेहरा बघायला आवडतो, बास.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचला आणि तो गावातलाच आहे. आपला हिमरू. १३२७ मध्ये मोहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याचे विणकर इथे आले असं सांगतात. सुती ताण्यावर रेशमी बाण्याची ती नक्षी विणकर डोक्यात ठेवत नाही, ती 'जाला'त, म्हणजे मागावर आधीच बांधलेल्या दोऱ्यांत साठवलेली असते. तो सुद्धा साचाच म्हणायचा, आणि हिमरूला कोणी निर्जीव म्हणत नाही. पण जुन्या मागावर ते दोरे ओढायला दुसरा माणूस लागायचा. जकार नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग केला आणि दोरे ओढणाऱ्याची गरज संपली. (त्या भोकांच्या पुठ्ठ्यांचे आम्ही प्रोग्रामर नातू-पणतू.) ल्योंचे विणकर तेव्हा चिडले होते आणि त्यांचं चुकलं नव्हतं. साच्याने त्यांची रोजी घेतली. तेव्हा साचा आला की आनंदच करावा असं मी म्हणत नाही.

पण स्वयंपाकघरात रोजी कुणाची होती? साडेपाचला उठून गाजर कापणाऱ्या बाईला त्याचा पगार मिळत नव्हता. साच्याने तिचं काहीच हिरावलं नाही, पाऊण तास परत दिला. हातमागाचं तर्कट टोस्टला लावणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. गाजरात ज्यांना खरंच आनंद मिळतो त्यांनी जरूर कोरावं, माझी मावशी भाचीच्या लग्नात रुखवतासाठी रात्र-रात्र जागते आणि खुशीत असते. प्रश्न खुशीचा आहे, रात्री साडेनऊला आलेल्या मेसेजचा नाही.

असो. तर पहिला बुधवार. थीम ग्रह-तारे. कालचा मिल्क ब्रेड, साचा, टोस्टर, सूर्य. वर थोडं लोणी. वेळ चार मिनिटं. लेकीने उड्या मारल्या. शाळेने ग्रुपवर डब्यांचे फोटो टाकले, आणि त्यात माझ्या टोस्टखाली लिहिलेलं, 'बाबांनी केला!' त्यावर सतरा बदाम आले. दोन आयांनी आपापल्या नवऱ्यांना टॅग केलं. दुपारपर्यंत मी आदर्श बाप झालो होतो.

संध्याकाळी बायकोने फोटो पाहिला, बदाम मोजले आणि "छान आलाय सूर्य" म्हणाली. मग भांडी लावायला गेली. दीड वर्षाच्या गाजरांना किती बदाम आले होते ते मी रात्री गुपचूप स्क्रोल करून पाहिलं. तीन. त्यातला एक माझाच.

मी ग्रुपवर लिहिलं की आधीचे सगळे डबे तिने केले आहेत, हा तर साचा आहे. उत्तर आलं, 'सो स्वीट!' म्हणजे तेही माझ्याच खात्यावर.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. थीमचा डबा बंद करा, किंवा निदान फोटो टाकणं बंद करा, असा विषय काढायचा आम्ही ठरवलंय. मी म्हणालो, तू मुद्देसूद बोलतेस, तू काढ. ती म्हणाली, "मी काढला तर आईला वेळ नाही असं होईल. तू काढलास तर ती सूचना होईल. तूच काढ."

काढतो. दरम्यान या बुधवारची थीम आली आहे, फुलपाखरू. साच्यात फुलपाखरू नाहीये, आणि ऑनलाइनवाले शुक्रवार सांगतायत.