रोजा लागला, की स्वभाव दिसला?

असरची नमाज आटोपली की बाजारात गर्दी उसळते. फळांच्या गाड्या, भज्यांच्या कढया, खजुरांचे ढीग, आणि त्यातच कुठेतरी आवाज चढतो. मोटारसायकल आडवी लावली, बर्फ वेळेवर आला नाही, एवढे कारण पुरते. मग कोणीतरी हसून म्हणते, “जाऊ द्या, रोजा लागलाय त्याला.” हे बोलणे आता शेजारच्या गणेश मंडळातल्या पोरांनाही पाठ आहे.

बोलणे गमतीचे, पण फार सोयीचे. म्हणजे राग रोजाचा, माणसाचा नव्हे! खरे तर रोजा कोणाच्या अंगात राग घालत नाही. सकाळचा चहा, पानटपरी, तंबाखूची चिमूट यांच्याआड एरवी जो झाकून राहतो, तो दिवसभर उघडा पडतो, इतकेच. आणि तो निघतो कोणावर? दुकानातल्या पोऱ्यावर, नाही तर स्वतः रोजा धरून दुपारपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या घरच्या बाईवर. साहेबांसमोर त्याच उपाशी पोटी जीभ मऊच असते. दोष भुकेचा असता तर तिने माणसे अशी निवडली नसती.

कोणी भांडायला आले तर आपला रोजा असल्याचे सांगून थांबावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. हे समोरच्याला ऐकवायचे की मनात स्वतःलाच बजावायचे, यावर जुन्या भाष्यकारांनी चर्चा केली आहे. बाजारात पहिला अर्थ चालतो. दुसरा अवघड आहे.

तो किती अवघड, हे इमाम गझालींच्या आत्मकथनात दिसते. बगदादच्या निजामिया मदरशात ते शिकवत, समोर तीनशेच्या आसपास विद्यार्थी. बाहेरून पाहता दीनची सेवाच. पण १०९५ मध्ये त्यांनी स्वतःची झडती घेतली, तेव्हा शिकवण्यामागे कीर्तीची हाव सापडली. जवळजवळ सहा महिने ओढाताण चालली. अखेर वर्गात जीभ वळेना, घास उतरेना. दुखणे मनाचे आहे, असे हकिमांनी सांगितले. त्यांनी मदरसा सोडला. अकराएक वर्षांनी निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले, तेव्हाही आपण ध्येयापर्यंत पोहोचू की नाही ठाऊक नाही, असेच त्यांनी लिहून ठेवले. एवढ्या मोठ्या आलिमाने हाव ‘गेली’ असे म्हटले नाही. ती आपलीच होती, एवढे मान्य केले.

‘माझा स्वभावच तापट’ हेही मान्य करणेच, असे कोणी म्हणेल. नव्हे. ती तर दुसऱ्याने सोसावे म्हणून काढलेली पावती. आपला राग आपला म्हणायचा, तर ज्याच्यावर तो निघाला त्याच्यासमोर म्हणावा लागतो. रमजानमध्ये जकातीचा हिशेब रुपयापर्यंत होतो. इफ्तारीला पोऱ्यापुढे खजुराची ताटली सरकवणारे मालकही पुष्कळ. ताटली सरकवताना “मघाशी माझं चुकलं रे” म्हणणारे मात्र फार थोडे.