शेवटी भरायची, आधी उघडायची

मुलांनो, सामान हलवलेलं घर तुम्ही पाहिलं असेलच. रिकाम्या खोलीत हाक मारली की भिंती 'ओ' देतात, गाद्यांच्या वळकट्यांवर उड्या मारता येतात आणि अभ्यासाला तर सुट्टीच! पण त्या दिवशी तुम्ही जेवलात काय, ते आठवतंय? नाही ना? मलाही एरवी आठवलं नसतं. पण २०१८ सालच्या मे महिन्यातला एक दिवस मी काही विसरत नाही.

माझी बदली पाटण तालुक्यातून माण तालुक्यात झाली होती. एकाच सातारा जिल्ह्याची ही दोन टोकं. इकडे पावसात छपरं गळतात, तिकडे मे महिन्यात टँकरची वाट बघतात. सामानाचे एकतीस खोके झाले. पहाटे उठून मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, डबा घट्ट लावला आणि म्हटलं, झालं जेवणाचं! डबा टेम्पोत गेला सोफ्याखाली आणि आम्ही मागून जीपने.

जीपमध्ये आमच्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या आजी, होत्या. त्यांना मधुमेह. सकाळची गोळी त्यांनी घेतली होती, पण पोटात फक्त चहा आणि दोन बिस्किटं. वडूज मागे पडलं तेव्हा दीड वाजला होता. आजी एकदम गप्प झाल्या. कपाळावर घाम, हात थरथरायला लागले. "मला कसंतरीच होतंय गं," एवढंच म्हणाल्या. गोळी घेऊन वेळेवर जेवलं नाही की रक्तातली साखर अशी घसरते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, हेही ठाऊक होतं. पण साखर कुठे होती? एकतीस खोक्यांपैकी एकात! कुठल्या, ते देव जाणे. एकावरही मी नाव लिहिलं नव्हतं. वर्गात तुमच्या वह्यांवर नाव नसलं की रागावणारी मी!

तेवढ्यात धाकटीने दप्तरातून कंपासपेटी काढली. पट्टी, शार्पनर आणि चक्क लिमलेटच्या चार गोळ्या! पेटीत खाऊ ठेवायचा नाही, असं मीच तिला दहा वेळा बजावलं होतं. आजींनी चारही गोळ्या चावून खाल्ल्या. दहा-पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. पुढे रस्त्यातल्या एका हॉटेलात त्यांना दोन चपात्या खायला घातल्या. (हे मात्र लक्षात ठेवा हं. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडात काही द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर काही न देता सरळ दवाखाना गाठायचा.)

अडीच वाजता नव्या घरी डबा उघडला तर भाजीला आंबूस वास! मे महिन्यातलं ऊन, गरम भाजी आणि घट्ट झाकण. दुसरं काय होणार? मुलांनी दोन दिवस वेफर्स आणि बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी धाकट्या मंडळींची पोटं बिघडली. शेवटी शेजारच्या मावशी दारात आल्या. "अवं बाई, पोरं अशी का सुकल्यात? चूल पेटलीया, या समदी!" बाजरीची गरम भाकरी, मटकीची उसळ आणि वर कांदा. त्या भाकरीची चव काय सांगू!

दुसऱ्यांदा घर हललं ते २०२३ साली, फलटणकडे. या वेळी थोरल्याने आणि धाकटीने मला स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. एक जुनी पत्र्याची पेटी घेतली आणि तिच्यावर तेलखडूने लिहिलं, 'शेवटी भरायची, आधी उघडायची.' पेटी टेम्पोत नाही, आमच्या पायाशी.

खरी अडचण गॅसची होती. दुसऱ्या गावी दुसऱ्या वितरकाकडे जायचं म्हणजे सिलिंडर आणि रेग्युलेटर आधी जमा करून कागद घ्यावा लागतो, मग तिकडे जोडणी मिळते. म्हणजे मधले तीन दिवस चूल बंद. तेव्हा न शिजवता पोट भरेल असं काय काय आहे, याची दोघांनी आजींना विचारून यादी केली. आजींना मोठा हुरूप आला! दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या. शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी. जंतूंना वाढायला ओल लागते, म्हणून कोरडं टिकतं. भाजलेले गहू आणि डाळं एकत्र दळून केलेलं सातूचं पीठ. मुलांनी ते गूळ-दुधात कालवून खाल्लं, आजींनी ताकात, मीठ घालून. शिवाय केळी, काकड्या, फुटाणे आणि जुन्या घरचं उकळून गार केलेलं दोन कळशा पाणी.

आणि दडपे पोहे! पोहे मुळात भातच असतात. भात भिजवून, भाजून, चेपटा केलेला. म्हणून नुसत्या ओलाव्यानेही ते मऊ होतात. पातळ पोह्यांत खवलेला नारळ, बारीक कांदा, काकडी, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घालायची, नीट कालवायचं आणि झाकून पंधरा मिनिटं दडपून ठेवायचं. फोडणी आदल्या रात्री करून छोट्या डबीत घेतली होती, ती वर ओतली. विळी पेटीत ठेवायची आठवण थोरल्याला होती. मला नव्हती!

साडेबारा वाजता आमचा टेम्पो घाटात उभा होता आणि आजी जीपमध्ये दशमी-चटणी खात होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतली एक छोटी डबी उघडली. आत साखर आणि तिच्यावर लिमलेटच्या चार गोळ्या. "या कशाला गं?" त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "त्या तुमच्या. पण आज नाही खायच्या."

तुमच्या घरी सामान हलवलं तेव्हा काय खाल्लंत, ते पत्राने कळवा. दडपे पोह्यांत कुणी कैरी किसून घालत असेल तर तेही लिहा. आमच्याकडे त्यावरून अजून भांडण चालू आहे.