घरच्या संघाचे ऋण

वसीम जाफर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने २००८-०९ व २००९-१० असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. पुढे २०१५ मध्ये ते विदर्भाकडे गेले आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने हा करंडक प्रथमच पटकावला. ही मुंबईशी प्रतारणा म्हणावी काय?

पेढीवर तयार झालेला मुनीम हिशेब चुकता करून, शेटजींचा निरोप घेऊन दुसरीकडे गेला, तर त्यास कोणी कृतघ्न म्हणत नाही. खेळाडूसही राज्य बदलताना आपल्या संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरच्या संघाचे ऋण असतेच. परंतु ते आजन्म गहाणखत नव्हे. मुंबईच्या मैदानांवर मिळवलेली विद्या विदर्भाच्या तरुणांस लाभली, म्हणून मुंबईची पुंजी घटली नाही. हंगामाच्या मध्यावर सहकाऱ्यांना अडचणीत टाकून निघून जाणे, हीच खरी थकबाकी.