सुपरहिरो कोणत्या गावचा?

सुपरहिरोपटांची क्रमवारी लावण्याचा वाद आता नागपुरात फुटाळ्याच्या काठावर रंगतो, कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री-पोह्याच्या गाड्यांपुढे रंगतो आणि लग्नाच्या पंगतीतही रंगतो. वादाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ज्या मापाने हा वाद घातला जातो, त्या मापाला. एक पक्ष कमाईचे आकडे आणि पडद्यावरची चमत्कृती मोजतो. मार्व्हलचे पाचपंचवीस चित्रपट वरच्या ओळीत बसवतो आणि आपल्याकडचे सगळे तळाला ढकलतो. दुसरा पक्ष छाती ठोकून सांगतो की मारुतीराय हाच जगातला पहिला सुपरहिरो, बाकीचे त्याची नक्कल. तिसरा पक्ष सज्जनांचा आहे. त्यांच्या मते खरा सुपरहिरो पडद्यावर नसतोच, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारा मास्तर हाच तो. हे तिन्ही पक्ष मला अमान्य आहेत. का, ते आधी सांगतो आणि मग माझी यादी मांडतो.

मारुतीरायापासून सुरुवात करू, कारण हा दावा सर्वांत लाडका आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘लंका दहन’ 1917 साली आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडत, असं त्या काळाबद्दल सांगतात. देवपटाचं नातं हेच आहे. तिथे प्रेक्षकाला नायकाची काळजी वाटत नाही, भक्ती वाटते. समुद्र ओलांडला जाणार, लंका जळणार, हे आजीच्या मांडीवर बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. सुपरहिरोपट उभा राहतो तो बरोबर उलट्या पायावर. हाती आलेली ताकद हा माणूस कशासाठी वापरेल, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. तो चोरी करू शकतो, सूड उगवू शकतो, गाव सोडून जाऊ शकतो. हनुमंताच्या कथेत या प्रकाराला भिडणारी एकच जागा मला दिसते. समुद्रकिनारी तो स्वतःचं बळ विसरून बसलेला असतो आणि जांबवंत त्याला त्याची आठवण करून देतो. ती जागा अपूर्व आहे, पण त्यानंतर त्याच्या मनात द्विधा उरत नाही. त्याला दैवतच राहू द्यावं. सुपरहिरोंच्या रांगेत उभं करून आपण त्याचा मान वाढवत नाही.

याच कसोटीवर तेलुगू ‘हनुमान’ (2024) मात्र टिकतो, आणि तो देवपट नाही म्हणून टिकतो. त्याचा नायक हनुमंतू हा अंजनाद्री गावातला भुरटा चोर आहे. मारुतीच्या रक्ताच्या थेंबातून झालेला मणी त्याच्या हाती लागतो. समोरचा मायकेल लहानपणीच आईबापांना मारून टाकतो, कारण गोष्टींतले सुपरहिरो अनाथ असतात असं त्याने वाचलेलं असतं. ताकदीसाठी माणसं बळी देणारा एक आणि माणसांसाठी ताकद वापरायला शिकणारा दुसरा, असा तो सामना आहे. नागपूरच्या चित्रपटगृहांत हिंदी ‘हनुमान’ला पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्या मण्याला नव्हे, त्या चोराला मारल्या, असं मी मानतो.

आता सज्जनांचा पक्ष. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ 4 मार्च 2022 ला आला आणि आमच्या शहरात ‘हाच खरा सुपरहिरोपट’ असं कौतुक सुरू झालं. हिस्लॉप कॉलेजातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि त्यांची ‘स्लम सॉकर’ चळवळ ही नागपूरची अभिमानाची गोष्ट आहे, यात दुमत नाही. पण ‘झुंड’ला सुपरहिरोपट म्हटलं की त्यातली भिंतच पुसली जाते. त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत आहे. पोरांना खेळता येतं, पण त्यांच्याकडे कागद नाहीत, दाखले नाहीत, पासपोर्ट नाही. ती भिंत उडून ओलांडता येत नाही, म्हणून तर तो चित्रपट बोचतो. तिथे कुणाकडेही असामान्य असं काही नाही, मास्तरांकडेही नाही. आहे ती चिकाटी. शिक्षकाला, परिचारिकेला, सफाई कामगाराला ‘सुपरहिरो’ ठरवलं की आपण त्यांच्या पगाराची, सुट्टीची आणि हातमोज्यांची चर्चा करायचं थांबतो. करोनाच्या काळात हे आपण केलं. मला ते तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

आणि नागपूरला या विषयावर हलकं बोलण्याचा अधिकार नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी अक्कू यादव या गुंडाला नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात, भरदिवसा, कस्तुरबा नगरमधल्या जमावाने ठार केलं. वर्षानुवर्षं वस्तीत बलात्कार आणि दहशत सोसलेल्या स्त्रिया त्यात पुढे होत्या. नंतर त्यांपैकी अनेकींनी ‘आम्हा सगळ्यांना अटक करा’ अशी भूमिका घेतली. या घटनेवर आधारलेला ‘200 हल्ला हो’ 2021 मध्ये आला, तर उमेश कुलकर्णी यांची माहितीपट-मालिका 2022 मध्ये. दोन्हींविषयी बोलताना ‘सुपरविमेन’, ‘खऱ्या नायिका’ असे शब्द मी ऐकले आहेत. माझा याला ठाम विरोध आहे. पडद्यावर एकटा मुखवटाधारी कायदा हातात घेतो, तेव्हा चित्रपट आपल्याला एक प्रश्न घालतो: पोलीस झोपले असतील, तर ज्याच्या अंगात बळ आहे त्याने काय करावं? कस्तुरबा नगरात हा प्रश्न पडद्यावर नव्हता. तिथे कुणाच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता, कुणाच्या अंगात जादा बळ नव्हतं, आणि तक्रारी ऐकायच्या खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. त्यांवर बसलेल्यांनी ऐकलं नाही. त्या स्त्रियांना सुपरहिरो म्हणणं म्हणजे त्या खुर्च्यांना मोकळं सोडणं. ज्या शहराने हे पाहिलं, त्याने तरी शब्द जपून वापरावा.

‘सिंघम’, ‘केजीएफ’ आणि ‘पुष्पा’चा निकाल दोन ओळींत लागतो. वर्दीतला माणूस सरकारचं बळ वापरतो, त्याच्यावर जबाबदारी नेमणुकीनेच आलेली असते. रॉकी भाई किंवा पुष्पा यांचं बळ त्यांच्या स्वतःच्या साम्राज्यासाठी खर्ची पडतं. दोन्ही प्रकार आपापल्या जागी रंगतदार आहेत. पण हा आपला विषय नव्हे.

मग सुपरहिरोपट कोणता? माझी व्याख्या अशी. इतरांकडे नाही असं काहीतरी एका माणसाच्या हाती येतं. ते अंगातलं बळ असेल, यंत्र असेल, किंवा नुसत्या मुखवट्याने मिळालेली मोकळीक असेल. ते स्वतःसाठी वापरायची वाट त्याला पूर्ण मोकळी असते. तरी तो ते एका ठिकाणासाठी वापरतो आणि त्याची किंमत गुपचूप आपल्या खासगी आयुष्यात मोजतो. व्याख्येतला ‘ठिकाण’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि क्रमवारीचं माझं मापही तेच आहे. गाव जितकं जिवंत, तितका चित्रपट वर.

हे माप मी पदरचं आणलेलं नाही. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन ज्यू तरुणांनी सुपरमॅन छापून आणला. तो पहिला सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. बायकोला मारहाण करणारा नवरा, भ्रष्ट राजकारणी, मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक, असे मंदीच्या काळातल्या शहरातले शत्रू त्याच्या वाट्याला होते. पुढे आकाश मोठं होत गेलं आणि शहर लहान. सॅम रायमीच्या ‘स्पायडर-मॅन 2’मध्ये (2004) ते पुन्हा मोठं झालं. धावती आगगाडी थांबवून नायक बेशुद्ध पडतो, त्याचा मुखवटा गेलेला असतो. डब्यातले अनोळखी लोक त्याला हातांवर झेलून आत घेतात, त्याचा चेहरा बघतात आणि तो कुणाला सांगायचा नाही असं ठरवतात. ‘द डार्क नाइट’मध्ये (2008) दोन बोटींवरची माणसं, एकीवर नागरिक आणि दुसरीवर कैदी, एकमेकांना उडवायला नकार देतात. या दोन्ही जागी परीक्षा नायकाची नाही, शहराची आहे. शेवटच्या अर्ध्या तासात निर्मनुष्य आकाशात प्रकाशाचे झोत सोडणाऱ्या दहा चित्रपटांवरून मी या दोन जागा ओवाळून टाकणार नाही.

कुणी म्हणेल, ‘द डार्क नाइट’चं गॉथम तर काल्पनिक आहे. बरोबर आहे. गाव नकाशावर असावं अशी माझी अट नाही. ते ओळखीचं असावं. केरळातलं कुरुक्कनमूलाही काल्पनिकच. पण बेसिल जोसेफच्या ‘मिन्नल मुरली’मध्ये (2021) ते चहाच्या टपरीसकट उभं आहे. तिथला शिंपी जेसन आणि गावाने वेडसर ठरवून टाकलेला शिबू, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. एकाला गावाने आपलं मानलं, दुसऱ्याला कधीच मानलं नाही. खलनायक तिथे बाहेरून येत नाही. गाव त्याला घडवतं. भारतीय सुपरहिरोपटांत माझा पहिला क्रमांक याच चित्रपटाला.

दुसरा क्रमांक ऐकून बरेच जण हसतील, पण मी तो पूर्ण विचाराने देतो. तो ‘मालेगाव का सुपरमॅन’चा. नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं मालेगाव, व्हिडिओ कॅमेरा घेऊन ‘मालेगाव के शोले’ करणारे शेख नासिर, आणि यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅनच्या वेशात. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे हा खटाटोप जगाला कळला आणि 2025 मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या सुपरमॅनला सतावणारा शत्रू कोणता? गावातली घाण आणि तंबाखू. खलनायकाला अस्वच्छता प्रिय आहे. ज्या गावाने ही गोष्ट रचली त्याने आपलं दुखणं अचूक ओळखलं होतं. शफीक पुढे तरुणपणीच कर्करोगाने गेला. हिरव्या कापडापुढे केलेलं त्याचं उड्डाण कच्चं दिसतं, हे खरं. पण कोट्यवधींच्या चित्रपटांत मला असा एक शत्रू दाखवा, जो गावकऱ्यांनी स्वतः निवडला आहे.

तिसरा ‘मिस्टर इंडिया’ (1987). बंगल्याचं भाडं थकलेलं, घरात अनाथ पोरं, ताटात अन्न नाही. अदृश्य होण्याचं यंत्र हाती आल्यावर अरुण वर्मा आधी कशाकडे वळतो ते बघा. खलनायक मोगँबो नंतर येतो, त्याआधी भूक आणि काळाबाजार येतात. चौथा विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’ (2018). तो चालला नाही. मुंबईच्या पाणीचोरांविरुद्ध मोटारसायकलवर निघालेला, कुठलीही दैवी ताकद नसलेला मुखवटाधारी बघायला लोक गेले नाहीत, ही आपल्या रसिकतेची चूक आहे. पाचवा ‘हनुमान’. सहावा निखिल महाजन यांचा ‘बाजी’ (2015). मराठीने मुखवटा आणि घोडा घेऊन हे धाडस केलं याचं मोल आहे, पण बाजीचं गाव मला पुरतं दिसलं नाही, म्हणून तो सहावा. ‘क्रिश’ (2006) त्याच्याही खाली. डोंगरातला पोरगा सिंगापूरला जाऊन मुखवटा चढवतो; ते शहर चित्रीकरणासाठी सुंदर आहे, पण ना त्याचं, ना आपलं. ‘रा.वन’ (2011) तळाशी, कारण त्यात किंमत मोजणारा माणूस मध्यंतरापूर्वीच मरतो आणि मागे संगणकाचा खेळ उरतो.

या मापाने नागपूरकडे पाहिलं तर काय दिसतं? आमच्या पिढीला वेताळ ‘इंद्रजाल’ कॉमिक्सने दिला. त्यानंतरच्या पोरांनी रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून राज कॉमिक्सचा नागराज आणि ध्रुव आणला. पण नागराजचं महानगर आणि ध्रुवचं राजनगर यांना चेहरा नव्हता, त्या रस्त्यांवरून कुणी चाललेलं नव्हतं. नागपूरला चेहरा आहे, आणि शत्रूला रूप द्यायची सवयही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. सोबतच्या बडग्या नावाच्या पुतळ्यांमध्ये महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या वर्षी शहराला जे छळत असेल ते असतं. ‘ईडा पीडा घेऊन जा’ म्हणत सारं शहर रस्त्यावर उतरतं. ज्या शहराचे खलनायक दरवर्षी कागद, बांबू आणि रंगांनी लोकच घडवतात, त्या शहरात सुपरहिरोपटाची पटकथा अर्धी लिहूनच ठेवलेली आहे. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आहे. शहराला नाव देणारी आणि नाला होऊन बसलेली नाग नदी आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत शिरलेलं पाणी आहे.

तेव्हा यादी करणाऱ्या तरुण मित्रांना आणि कॅमेरा हाती असलेल्या नागपूरकरांना माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी क्रमवारी लावाल तेव्हा चित्रपटाच्या नावापुढे कमाईचा आकडा लिहू नका, त्याच्या गावाचं नाव लिहा. ते लिहिता आलं नाही तर त्याला खाली सरकवा. आणि त्या यादीत नागपूर यावं असं वाटत असेल, तर एखाद्या मोठ्या निर्मात्याची वाट पाहू नका; मालेगावने पाहिली नव्हती.