चुलीमागची उधारी

आपत्ती आली की अन्न दुर्मीळ होते असे सरसकट मानले जात असले, तरी पुष्कळदा धान्य बाजारात असतेच आणि ते विकत घेण्याची ऐपत मात्र आधी नाहीशी झालेली असते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात दाखवून दिले. मजुरी, मालकी किंवा कायदा यांच्या बळावर माणसाला जे अन्न मिळवता येते, त्याला त्यांनी ‘एनटायटलमेंट’, म्हणजे हक्कदारी, असे म्हटले. मजुरी थांबल्यापासून सरकारी मदत पोहोचेपर्यंतच्या दिवसांत जेवू कोण घालते आणि तो भार कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न त्यापुढचा आहे; आणि त्याचे एक उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडते.

कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे, तर चाळीतल्या एखाद्या बाईने आपल्याच खोलीत रांधून चालवलेला व्यवसाय. जेवण आधी आणि पैसे पगारानंतर, अशी तिची रीत असल्यामुळे तो मुळातच उधारीवर उभा होता. १९७४च्या संपात पगार थांबले तरी ताटे वाढली जात राहिली, आणि त्यासाठी या बायका वाण्याच्या व सावकाराच्या कर्जात रुतत गेल्या. संपाच्या इतिहासात मागण्या, मोर्चे आणि वाटाघाटी यांना जेवढी जागा मिळते, तेवढी या कर्जाला मिळत नाही, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

गोवा मुक्तिलढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते नेमके या कर्जावर बोट ठेवून. जिच्याकडे तारण ठेवण्याजोगे काही नाही अशा खानावळवालीला, तिच्यासारख्याच इतर जणींच्या सामूहिक हमीवर, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग मंडळाने काढला. चूल चालवण्याचे ज्ञान तिच्यापाशी होतेच, खेळते भांडवल नव्हते.

२६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या, महाराष्ट्र शासनाच्या स्वस्त थाळीच्या शिवभोजन योजनेनेही नवी स्वयंपाकघरे बांधण्याऐवजी चालू खानावळी, भोजनालये, महिला बचत गट आणि स्वयंसेवी संस्था यांनाच हाताशी धरले, आणि म्हणूनच कोविडच्या टाळेबंदीत ही योजना झटपट वाढवता आली. थाळीची किंमत आधी १० रुपये होती, ती टाळेबंदीत ५ रुपयांवर आली आणि एप्रिल २०२१मध्ये थाळी मोफत झाली. तथापि शासनाचे अनुदान वाढलेल्या थाळ्यांच्या हिशेबावर मागाहून मिळणारे असल्याने, ग्राहकाकडून येणारी रोकड जसजशी आटली तसतसे केंद्रचालकाचे अधिकाधिक पैसे अडकणे क्रमप्राप्त होते. गिरणगावातली उधारी कामगाराच्या नावावर असे, ही शासनाच्या.

आपत्तीत कोणीही जेवू घालो, डाळ, तेल, सिलिंडर आणि भांडी घासणाऱ्या हातांची मजुरी या गोष्टी रोख मागतात, आणि दान म्हणून आलेल्या बिस्किटांच्या खोक्यांनी त्या भागत नाहीत. दिवाळीच्या चकल्या-अनारशांसाठी बचत गटाकडे आगाऊ रक्कम भरण्याची रीत घरोघरी माहीत आहे. त्याच धर्तीवर, पूर येण्याआधी त्याच गटाच्या खात्यात पंधरा दिवसांच्या जेवणाची उचल जमा करून ठेवण्यास ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला फारसे वेगळे काही शिकावे लागणार नाही.