मुंबई, मुक्काम श्रीलंका

'बॉम्बे व्हेल्व्हेट' हा चित्रपट २०१५ मध्ये आला आणि पडला. किती पैसा बुडाला, याची चर्चा भरपूर झाली. त्यातली मुंबई श्रीलंकेत बांधावी लागली, याचे मात्र फक्त कौतुक झाले. दिग्दर्शक अनुराग कश्यप यांना साठच्या दशकातले शहर हवे होते. कलादिग्दर्शक सोनल सावंत यांनी ते हंबनटोटाकडच्या चित्रनगरीत उभे केले. रस्ते, दुकाने, पाट्या, नाइट क्लब, सगळे.

मुंबईबाहेर जाण्याची कारणे ठरलेली. गर्दी, परवानग्या, खर्च. त्यांत तथ्य आहेच. पण गोष्ट कशाची होती? जमिनीची. समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभारला जात होता, तेव्हाचे भूखंड, त्यांवर डोळा ठेवणारे धनिक आणि त्यांच्या सोयीने चालणारी वृत्तपत्रे. पटकथेत ज्ञान प्रकाश यांच्यासारख्या इतिहासकाराचा हात होता. जमिनीच्या हावेने मुंबईचे काय केले, हे सांगायला निघालेल्या चित्रपटाला मुंबई उभी करायला परदेशात जावे लागले. पटकथेतल्या आरोपाला आणखी कोणता साक्षीदार हवा?

यावर उत्तर तयार असते. जुनी मुंबई गेली कुठे? फोर्ट आहे, मरीन ड्राइव्ह आहे. १९९५ पासून वारसा नियमावली आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. हे सगळे खरे आहे. तरीही चित्रपटाचे त्यावर भागत नाही. पोस्टकार्डाला एक इमारत पुरते. चित्रपटाला रस्ता लागतो. नायिका दारातून बाहेर येते, कोपऱ्यावर वळते, टॅक्सीला हात करते. तिच्यामागोमाग कॅमेरा वळला की एसीची खोकी दिसतात. केबलची जाळी दिसते, निळी ताडपत्री दिसते, जुन्या छपरावरून डोकावणारा काचेचा मनोरा दिसतो. साठ वर्षांपूर्वीचे शहर एका चौकटीत मावते. दुसऱ्या चौकटीत ते संपलेले असते.

नियमावलीत परिसराचेही संरक्षण आहे. पण दर्शनी भिंतीला हात लावला नाही, की वारसा जपला असे आपण समजतो. दोन इमारतींमधली मोकळी जागा, फूटपाथ, पाट्यांचा आकार, मागचे आकाश यांची जबाबदारी प्रत्यक्षात कुणीच घेत नाही. रस्त्याचे रूप बिघडते ते इथेच.

वारसा समितीत वास्तुरचनाकार असतात, अभियंते असतात, इतिहासकार असतात. त्यांच्या एखाद्या बैठकीला कलादिग्दर्शकालाही बोलवावे. संरक्षित म्हणून नोंदलेल्या प्रत्येक रस्त्याबद्दल त्याला एकच प्रश्न विचारावा: इथे कॅमेरा किती अंशांत फिरवता येईल? यादीत इमारती किती, यापेक्षा त्या उत्तरावरून खरा हिशोब कळेल.